चार शब्द

“अपडेट टाकल्याशिवाय हा बोलणार नाही,” मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला, “आणि टाकल्यावर बोलेलच, याची हमी मी देत नाही.”

टायपिस्टबाईंनी काउंटरवरचा फोन उचलून पदरानं पुसला. बाई नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गल्लीत नाव तेच चिकटलं होतं. फोन त्यांच्या नवऱ्याचा. नवरा एकेकाळी गोदामावर मुकादम होता. त्यानं नुसतं खाकरलं तरी हमाल उभे राहायचे. अर्धांगवायूनं त्याची वाचा गेली, उजवी बाजू गेली, आणि डोक्यात शब्द उरले जेमतेम चार. डाव्या हाताचं एक बोट तेवढं चालायचं. त्या बोटानं तो फोनवर लिहायचा आणि फोन ते मोठ्यानं बोलून दाखवायचा. हो. नको. पाणी. आणि चौथा, मोजायला बसलात तर खरं म्हणजे दोन शब्दांचा, जो ऐकायला अख्खी गल्ली येऊन गेली होती: माझी राणी.

आता ते बोलणारं ॲपच बंद पडलं होतं. नवी सिस्टीम टाका, मगच बोलेन, म्हणून अडून बसलं होतं.

दुकानात त्या अपडेटनं पोळलेल्यांची गर्दीच होती. टॅक्सीवाल्याचा फोन तव्यासारखा तापत होता. शाळेच्या बाईंचा गजर वाजायचा बंद झाला होता, आणि त्याऐवजी मुख्याध्यापिका वाजत होत्या. एका नव्या नवऱ्याचे लग्नाचे फोटो उडाले होते आणि बायको म्हणत होती, मुद्दाम उडवलेत. खुद्द दुरुस्तीवालाही रडतच होता. तो नुसतं ‘प’ लिहायचा आणि दुकानाचा पूर्ण पत्ता आपोआप उमटायचा. तशी सोय त्यानं करून ठेवली होती. आता ‘प’ लिहिलं की ‘प’च येत होतं.

बाईंना हे समजावून सांगावं लागलं नाही. ऑफिसात त्यांनीही तेच केलं होतं. ‘मम’ लिहिलं की कॉम्प्युटर ‘माननीय महोदय’ टाकायचा. त्यांचा चेहरा मात्र उतरला.

“यांचे शब्द राहतील ना?” त्यांनी विचारलं.

“शब्द माणसाच्या डोक्यात असतात, बाई. फोन काय, वाचून दाखवतो.”

बाई फोन तसाच घेऊन घरी आल्या. मुका तर मुका, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण दुपारी नणंद आली आणि तिनं ते चालू दिलं नाही. वहिनी, ती त्याची जीभ आहे, कुलूप लावून कशी ठेवतेस, असं म्हणत तिनं स्वतःच फोन चार्जरला लावला आणि अपडेट सुरू केलं. बाई नको नको म्हणत राहिल्या. असलेलंही जाईल, ताई, म्हणाल्या. नणंदेनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

फोनवर गोल चक्र फिरत राहिलं. मुकादमाची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. भर उन्हाळ्यात त्याच्या अंगात लांब बाह्यांचा शर्ट होता. नणंदेनं त्याला उशी द्यायला हात धरला तशी बाही वर सरकली आणि दंडावरचा निळा डाग दिसला. उचलताना घट्ट धरावं लागतं, वजन का कमी आहे, म्हणत बाईंनी बाही खाली ओढली. नणंदेला भरून आलं. आपला भाऊ कसा होता, हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्याचं तोंड तर चालायचंच, पण त्याच्या आधी हात चालायचा. दुसरी कुणी असती तर कधीच सोडून गेली असती. ही राहिली. म्हणून तर जीभ गेल्यावर त्याला गोडवा सुचला.

फोन सुरू झाला. नणंदेनं तो भावाच्या मांडीवर ठेवला. बाई खुर्चीमागे उभ्या होत्या, हात नवऱ्याच्या खांद्यावर. मुकादमाचं बोट एकेक अक्षर शोधू लागलं. तो बहिणीकडे बघत होता.

“माझी राणी,” फोन म्हणाला. आवाज नवा होता, स्वच्छ.

बाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. नणंद तर रडायलाच लागली. मुकादमानं जोरजोरात मान हलवली आणि पुन्हा लिहिलं. माझी राणी. पुन्हा. माझी राणी. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“पुरे रे दादा, कळलं आम्हाला,” नणंद हसत म्हणाली.

तो थांबला. कपाळाला आठ्या घालून बराच वेळ फोनकडे बघत राहिला. मग त्याचं बोट हललं.

“ने,” फोन म्हणाला.

नणंदेला काय करू नि काय नको असं झालं. नवा शब्द! काय नेऊ, म्हणून तिनं इकडेतिकडे पाहिलं. स्टुलावर रिकामा कप होता. पसारा खपत नाही मेल्याला अजून, म्हणत ती तो उचलून स्वयंपाकघरात गेली. मागून फोन बोलतच होता. ने. ने. ने.

“नेला रे बाबा,” ती आतून ओरडली.

निघताना तिनं भावाच्या गालावरून हात फिरवला. त्यानं तिचा पदर मुठीत पकडला. त्याच्या हातात ताकद परत येतेय, म्हणून ती आणखीच खूश झाली. तिनं हळूच एकेक बोट सोडवलं. दारात वहिनीचे हात हातात घेऊन म्हणाली, “एक शब्द आला ना, बाकीचेही येतील बघ.”

“येतील तर,” बाई म्हणाल्या.

जिन्यावरचे तिचे पाय ऐकू यायचे थांबल्यावर बाईंनी दार लावलं, कडी घातली. नवऱ्याच्या मांडीवरून फोन उचलला आणि सराईत बोटांनी स्वतःच एक शब्द लिहिला: मारते.

“माझी राणी,” फोन म्हणाला.

“हे टिकलं म्हणायचं,” बाई त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसत म्हणाल्या. “आता ‘ने’चं बघू.”