रांगेतली पहिली

तीन वर्षं झाली, माझ्या तोंडाला वास येतो. दात ठणठणीत आहेत, पोट मात्र कायम बिघडलेलं. राजधानीत, मोंतेविदेओला, डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि "काहीच सापडत नाही, बाई" म्हणत हात टेकले. शिक्षकांच्या खोलीत एकाच नळीने सगळे माते हा कडू चहा पितात, तो मी कधीच सोडला. यंदा उन्हाळ्याची सुट्टी संपून मार्चमध्ये शाळा उघडली, तेव्हा सकाळी दारात प्रत्येक मुलाच्या गालाची पापी घ्यायची रीतही सोडली. मुलांना कारण कसं सांगणार? नुसता हात पुढे केला. त्या दिवशी रांगेत सर्वांत पुढे यामिला होती. पहाटे आईबरोबर गायींचं दूध काढून ती गोठ्यातूनच शाळेला येते.

परवा ती रांगेत दिसली नाही. सगळे वर्गात गेल्यावर फाटकामागून आली. गाल घासून घासून लाल झालेले.

"अगं, कुठे होतीस?"

ती चार पावलं लांबच थांबली.

 

"बाई, सगळे म्हणतात, माझ्या शेणाच्या वासामुळे तुम्ही पाप्या बंद केल्या. मी रोज शेवटी येत जाईन, मग तरी त्यांच्या घ्याल ना?"