अर्धं वादळ

डोक्यावरचा पट्टा निघाल्यावर मंदाकिनीने आधी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. तिचा नवरा यशवंत उठून बसला होता. त्याचे हात स्थिर होते. थरथरत होते ते तिचे हात.

दारू एकाएकी तोडली की मेंदूत वादळ उठतं, झटके येतात, पेशी जळून जातात. म्हणून हल्ली व्यसनमुक्ती केंद्रात घरच्या एखाद्या निर्व्यसनी माणसाचा मेंदू रुग्णाच्या मेंदूशी जोडत आणि अर्धं वादळ त्या घरच्या माणसावर घेत. आत जाण्यापूर्वी मंदाकिनी डॉक्टरांना म्हणाली होती, "यांनी मनावरच घेतलं नाही हो. नाहीतर सुटायला काय झालं होतं?"

त्यानंतर तिला भिंतीवरून मुंग्यांचे लोंढे उतरताना दिसले. आपणच ओरडतोय हेसुद्धा तिला कळलं नव्हतं.

"एवढं होतं तुम्हाला?" आता तिने विचारलं.

यशवंतने तिचे हात आपल्या हातांत घट्ट धरले. "तुझ्या वाट्याला अर्धंच आलं," तो म्हणाला.

डॉक्टरांनी दोघांचे मेंदू शाबूत असल्याचं सांगितलं. थरथर हळूहळू जाईल म्हणाले. "आणखी काही त्रास?" त्यांनी विचारलं. मंदाकिनीने नाही म्हणून मान हलवली.

परतताना रिक्षा सिग्नलला थांबली, ती नेमकी दारूच्या दुकानासमोर. यशवंतने चटकन मान फिरवली, तर मंदाकिनी दुकानातल्या बाटल्यांकडे एकटक बघत होती. जन्मात थेंबही न चाखलेल्या तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"मंदा," यशवंत हळूच म्हणाला, "तिकडे नको. माझ्याकडे बघ."