अर्ध्या कुंपणाचं गाणं

“आणि तो पळपुटा नवरा सध्या असतो कुठे, ते आज कळणार!” रस्टीनं माइकमध्ये आरोळी ठोकली. हिरवळीवर जमलेली मंडळी टाळ्या पिटत सुटली.

डेल्मानं हातातला गार गोड चहाचा ग्लास खाली ठेवला. रस्टी तिच्याकडे येत नव्हता. तो तिच्या आईकडे निघाला होता.

देशभरच्या रेडिओंवर गाणं पहिल्या नंबराला पोचलं की ते लिहिणाऱ्याला मेजवानी द्यायची, ही नॅशव्हिलची, त्या गाण्यांच्या शहराची, रीत. आणि गाणं सुचलं कसं, ते सांगितल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, ही दुसरी. आजची मेजवानी डेल्माच्या गाण्याची; तिनं मघाशी “शेजारच्या एका बाईवरून” असं पुटपुटून वेळ मारून नेली होती. पण रस्टी रेडिओवरचा मुरलेला निवेदक, तो कसला सोडतोय! पहिल्याच रांगेत केसांचा डोंगर रचून, मांडीवरचं केळ्याच्या पुडिंगचं भांडं कुणी पळवील अशा भीतीनं धरून बसलेली तिची आई वर्लीन त्याच्या नजरेत भरली.

गाण्यानं धुमाकूळच घातला होता.

‘अर्धं कुंपण, उघडा डबा, ब्रश वाळून काठी,
न सांगता गेलास, राजा, कॉफी ओतू कोणासाठी?’

व्हायोलिनसारखी ती फिडल चौखूर उधळायची आणि बायका ट्रकच्या काचा खाली करून बेंबीच्या देठापासून ओरडायच्या. ओहायोत एकीनं सोडून गेलेल्या नवऱ्याच्या ट्रकवर पिवळ्या रंगाचा अख्खा डबा ओतला. टेक्सासच्या बायका रेडिओ स्टेशनांना वाळके ब्रश पाठवू लागल्या. पेट्रोलपंपावर पुरुष एकमेकांना विचारायचे, “काय रे, सापडला का तो हरामखोर?”

तो हरामखोर म्हणजे डेल्माचे डॅडी. हर्शेल. घरात कोळी निघाला तर त्याला कागदावर घेऊन अंगणात सोडणारा माणूस. मार्चमध्ये कुंपण रंगवता रंगवता ते कोसळले आणि तिथेच वारले. दफन झाल्यावर डेल्मा माहेरीच राहिली. रोज सकाळी आई स्वयंपाकघरात डॅडींच्या रिकाम्या खुर्चीपुढे उभी राहून भांडायची. काय ती सरबत्ती! पलंगावर पडल्या पडल्या डेल्माच्या कानावर ते सगळं यायचं. एके दिवशी तिनं पलंगाखालून गिटार ओढली, आणि आईचेच शब्द चालीवर बसले.

आईला तिनं विचारलं नव्हतं. रेडिओवर ऐकून आई एवढंच म्हणाली होती, “ठेका बरा आहे.”

आता आईनं खरं सांगितलं तर गाणं संपलं. मेलेल्या माणसाच्या नावानं कोण नाचणार? आणि नाही सांगितलं, तर डॅडी कायमचे बदमाश. डेल्मानं रस्टीला खुणावून पाहिलं. त्यानं लक्षच दिलं नाही.

“हां, वर्लीनबाई,” रस्टीनं माइक पुढे केला, “अगदी खरं सांगायचं. कुठं आहे तो बदमाश?”

“चर्चच्या मागे,” आई म्हणाली.

“लपून बसलाय?” हशाची लाट उसळली.

“पुरलाय.”

टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले. रस्टीचं हसू तोंडावर तसंच चिकटून राहिलं.

“मार्चमध्ये वारला. कुंपण रंगवत होता.” आईनं चौफेर पाहिलं. “आता तोंडं काय पाडताय? अहो, माझा हर्शेल इतका गरीब स्वभावाचा, की उभ्या जन्मात त्याला कुणी साधं वाह्यात म्हटलं नाही. आणि आता सगळ्या अमेरिकेच्या बायका ब्रश घेऊन त्याच्या मागावर! लाजून लाल झाला असता, आणि वर मला विचारलं असतं, दिसायला कशा आहेत गं? ए फिडलवाल्या, झोपलास का? वाजव की!”

गुलाबी बूट घातलेली एक जाडजूड बाई आधी फिस्सकन हसली. मग तिच्या शेजारची. मग सगळी हिरवळच हसायला लागली, डोळे पुसत, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत. फिडल उधळली. आईनं पुडिंगचं भांडं रस्टीच्या हातात कोंबलं आणि डेल्माचा हात धरून तिला नाचायला ओढलं.

“ममा, रागावली नाहीस ना?” डेल्माला तिच्या कानात ओरडावं लागलं. “तू डॅडींशी भांडायचीस आणि मी पलंगावरून चोरून ऐकायचे!”

“आणि दार उघडं कोण ठेवायचं?”

डेल्माचा ठेका चुकला.

“अगं, त्याच्यावर कधी आवाज चढवला नाही मी, आता मेल्यावर कशाला चढवू? तू आलीस ती गिटार पलंगाखाली ढकललीस, भिंतीकडे तोंड केलंस. जेवायला हाक मारली तरी उठेनास. म्हटलं, कानावर काहीतरी पडू दे पोरीच्या. पण रोज नवं भांडण आणायचं कुठून? बाई बाई, काय डोकं लढवलंय मी!” आईनं तिला गर्रकन फिरवलं. “तुझी गिटार वाजली, त्या सकाळपासून मी गप्प झाले.”

“हो ना! मला वाटलं, तुझं दुःख ओसरलं.”

“छे गं,” आई नाचता नाचता म्हणाली, “मला रडायला सवड मिळाली.”