ठकीचं माप

कागद जमिनीवर अंथरल्यावर टेलरमास्तरांनी गुडघे टेकले आणि खिशातून कापडावर आखायचा निळा खडू काढला. ताईंनी पुढे केलेल्या स्केचपेनकडे त्यांनी नुसतं पाहिलं.

"ते राहू द्या. हात याला बसलाय."

रुग्णालयातल्या या खोलीत दर गुरुवारी सांध्यांच्या आजाराची मुलं जमत आणि चित्रांच्या ताई त्यांना तासभर रंगांत रमवत. आजचा खेळ सोपा होता. मुलाने कागदावर उताणं झोपायचं, सोबत आलेल्या माणसाने त्याच्याभोवती रेघ ओढायची आणि मग आपल्या आत जे जे आहे ते मुलाने रंगवायचं.

मास्तरांना हे काही पटलेलं नव्हतं. बायकोला रजा मिळाली नाही म्हणून ते आले होते. त्यांची ठकी नऊ वर्षांची पोर, तीन वर्षं औषधं चाललेली. चित्रं काढून कुणाचे गुडघे बरे झालेत? पण खडू हातात आला आणि माणूस खुलला.

"हलू नकोस गं, बाही बिघडेल."

ठकी खुदकन हसली. खडू कमरेपाशी आला तशा तिला गुदगुल्या झाल्या आणि रेघेला तिथे एक टेंगूळ आलं.

मग ती रंगवायला बसली आणि मास्तर बाकावर टेकले. गुडघे लाल, मनगटं लाल. ते मास्तरांना ठाऊकच होतं. पोट तिने पिवळंधमक केलं. "हे हसण्याचं," म्हणाली. डोक्यात तीन मांजरं काढली, त्यातलं एक झोपलेलं. मास्तरांचा जीव जरा भांड्यात पडला. तेवढ्यात तिने पुन्हा लाल खडू उचलला आणि डावा घोटा रंगवायला घेतला. कागद फाटेल की काय, इतका गिरवला.

मास्तर बाकावरून उठून जवळ आले. "घोटा? हा कधीपासून?"

"शाळेला सुट्टी लागली तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस? मी रोज सकाळी विचारतो की नाही?"

ठकीने मान वर केली नाही. "तुम्ही विचारता, 'आज बरंय ना?' मग मी हो म्हणते."

गिऱ्हाइकाला मास्तर नेहमी दोन्ही बाजूंनी विचारत: सैल होतंय का, घट्ट होतंय का? खरं सांगा, लाजू नका. आणि घरच्या पोरीला मात्र उत्तर हातात देऊन मोकळे होत होते.

ताईंनी शेजारच्या खोलीतून डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी घोटा दाबताच ठकी "आई गं!" म्हणून ओरडली. चांगली मोठ्याने, दाराबाहेर ऐकू जाईल अशी.

"सूज आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वेळेत कळलं ते बरं झालं. औषध बदलून देते. आटोक्यात येईल."

ओरडून झाल्यावर ठकीचा चेहरा एकदम हलका झाला. मास्तर तिच्याशेजारी जमिनीवरच मांडी घालून बसले.

"आता मला नीट सांग. आणखी कुठे कुठे दुखतं?"

"सगळं काढलंय की. आता हात जांभळे करायचेत. सरका ना, बाबा, पाय ठेवलाय तुम्ही माझ्या बोटांवर."

मास्तर कागदावरून लगबगीने सरकले.

तास संपत आला. चित्रं कापून भिंतीवर लावायची होती. "रेघेवरून कापा हं, मास्तर," ताई दुसऱ्या मुलाकडे वळता वळता म्हणाल्या. मास्तरांनी कात्री घेतली. डोक्यापासून सुरुवात केली, खांद्यावरून खाली आले. रेघेच्या बाहेर सगळीकडे दोन बोटं कोरा कागद राहत होता.

"बाबा, रेघ सोडून कापताय!" ठकी ओरडली.

"माया सोडतोय. कपड्याला सोडतात तशी."

"कागदाला कशाला?"

"वाढत्या अंगाचं माप आहे," मास्तर म्हणाले. आणि डाव्या घोट्यापाशी आल्यावर त्यांनी कात्री आणखी थोडी बाहेरून नेली.