डावा कौल

देवाच्या डाव्या खांद्यावर पाण्यानं चिकटवलेली पाकळी सुटली, पाषाणावरून घसरत खाली आली आणि लवूच्या जिवात जीव आला. डावा कौल म्हणजे नाही, उजवा म्हणजे हो. पोरगी बोटीवर जाणार नाही. देवच नको म्हणाला, आता बापाला वाईटपणा घ्यायचं कारण उरलं नाही.

चेहरा मात्र त्यानं पडल्यासारखा केला. तेवढं करावंच लागतं.

पूर्णगडच्या त्या देवळात दुपारी दुसरं कुणी नव्हतं. गाभाऱ्यात आत्माराम गुरव, उंबऱ्याबाहेर लवू, त्याची बायको कमळा आणि त्यांची मुलगी दिशा. दिशाला इंजिन कॅडेट म्हणून जहाज मिळालं होतं आणि सोमवारी मुंबईत हजर व्हायचं होतं. लवूची सगळी उमर खलाशी म्हणून पाण्यावर गेलेली. समुद्र काय चीज आहे ते त्याला ठाऊक होतं, म्हणूनच पोर तिथं नको होती. पण शिकूनसवरून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या पोरीला नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? तेव्हा तो म्हणाला होता, आपण देवाला विचारू.

"डावा दिलान," आत्माराम म्हणाला.

कमळानं हात जोडले. दिशानं जोडले नाहीत. खाली पडलेल्या पाकळीकडे ती थोडा वेळ बघत राहिली. मग मान वर करून तिनं थेट देवाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सो व्हॉट?"

काही मोठ्यानं नाही म्हणाली. पण गाभाऱ्यात हळू बोललेलंही घुमतं.

हे बोलणं लवूच्या चांगल्या ओळखीचं होतं. बोटीवर साहेब लोकांच्या तोंडी ते सारखं असायचं. पाठ धरली म्हणून सांगावं, तर सो व्हॉट. घरी पोर तापानं फणफणलंय म्हणावं, तर सो व्हॉट. एवढं म्हणून साहेब चालायला लागायचे, उत्तराची वाट कुणी बघायचं नाही. ते नेहमी वरून खाली यायचं. खालच्यानं वर फेकलेलं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं, आणि या कार्टीनं फेकलं ते थेट देवावर!

आत्माराम मागे वळला. "काय म्हणाली ती?"

"काय नाय, काका," लवू घाईघाईनं म्हणाला. "पोरवय हाय. गेला तोंडातून."

"गेला कसा? कौल लावलेला असताना जा काय बोलाल ता देवाच्या कानावर घालावा लागतो. मी काय सांगू त्याला? मला विंग्रजी येत नाय." त्यानं दिशाकडे मोर्चा वळवला. "सांग गो बाय. अर्थ काय त्याचा?"

दिशा क्षणभर गडबडली. "म्हणजे... मग काय झालं?"

"नि ह्या म्हणतात कुणाला?"

"मोठ्यांना नाही म्हणत, आजोबा. उद्धटपणा होतो. आम्ही मैत्रिणी आपसात म्हणतो. कुणी म्हणालं ना, की तुला हे जमायचं नाही, मग म्हणायचं." ती थांबली. "भीती वाटत असली, की जरा जास्तच म्हणतो."

"आता वाटते?"

"हो."

कमळानं तिचा हात हातात घेतला. "गार पडलाय गो हात तुझा," ती पुटपुटली.

आता गुरव भडकणार, प्रायश्चित्त सांगणार, असं लवूला वाटत होतं. पण म्हातारा उंबऱ्यावर टेकला आणि दिशाला आज पहिल्यांदाच बघत असल्यासारखा न्याहाळत राहिला.

"लवू, बोटीवर जाणारा एकूण एक माणूस हितं उभा राहिलाय," तो म्हणाला. "डावा पडला की म्हणणार, काका, पुन्हा लावा. शब्द बदलून विचारा. उजवीकडं पाणी जरा कमी लावा. उजवा पडेस्तवर सोडायचे नाय मला. तू तरी काय येगळा केलास?"

लवूनं मान खाली घातली.

"ही पुन्हा लावा म्हणाली नाय," आत्माराम म्हणाला. "देवाचा नाय ऐकून घेतलान, नि तरी निघाली."

लवूनं लेकीकडे पाहिलं. वादळं त्यानं पाहिली होती, डेकवर भल्याभल्यांना रडताना पाहिलं होतं. पण उजवा कौल पदरात पाडून घेतल्याशिवाय तो स्वतः कधी बंदरावर गेला नव्हता. देवाचा नकार घेऊन पाण्यावर निघालेलं माणूस तो आज पहिल्यांदा बघत होता, आणि ते त्याच्याच घरचं होतं. त्याला तिची भीती वाटली. तिच्या पाया पडावं असंही वाटलं.

आत्माराम उठला. देवापुढे उभं राहून त्यानं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! तू डावा दिलास, तो पोरीनं ऐकलान. आता ती तुलाच विचारते, मग काय झाला? घाबरलीय, तरी जाते. तर म्हाराजा, तिच्या बोटीची राखण कर, नि जशी गेली तशी घरी आण, रे म्हाराजा!"

तो थांबला. घरच्या माणसानं 'व्हय म्हाराजा' म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. आणि एकदा म्हटलं, की पोरीला अडवता येत नाही.

कमळा नवऱ्याकडे बघत होती. दिशानं वळूनही पाहिलं नाही. ती अजून देवाकडेच बघत होती, त्याच्याकडून उत्तर यायचं बाकी असल्यासारखी.

लवूनं छाती भरून वारा घेतला, आणि तुफानात डेकच्या दुसऱ्या टोकाला हाक पोचवायची असते तशा आवाजात तो ओरडला, "व्हय म्हाराजा!"