सफरचंदाखालचा पुंजका

"छे! हे ते नव्हेच!"

ओल्या मातीत गुडघे टेकून बर्नार्ड करवादला. नाताळ नुकताच सरला होता. गावातल्या इतर बागांत अजून कोंबही वर आले नव्हते, आणि त्याच्या सफरचंदाखाली स्नोड्रॉपचा, कंदातून उगवणाऱ्या त्या पांढऱ्या हिवाळी फुलांचा, पुंजका भरात होता. आयता, घराबरोबर मिळालेला. त्याला फक्त त्या वाणाचं नाव हवं होतं. पाटीवर लिहून शेजारी खोचण्यापुरतं.

पण उभी हयात लोकांचे डोळे तपासण्यात घालवलेल्या या माणसाला स्वतःच्या बागेतलं एक फूल ओळखता येईना. घर घेतलं त्या वर्षी पानं रुंद आणि राखाडी होती, आतल्या पाकळीवर दोन हिरवे ठिपके. पुढच्या वर्षी पाकळ्या सडपातळ, खूण एकच. गेल्या वर्षी तर फूल चक्क दुहेरी, झालरीच्या झग्यासारखं. आणि यंदा पानांच्या कडा मागे मुडपलेल्या, पाकळ्या चुणीदार! पुस्तकात बघून नाव ठरवावं, तर पुढच्या जानेवारीत ते खोटं पडायचं.

त्यानं एक फूल खुडलं आणि नेहमीसारखा भिंतीपलीकडे म्युरिएलकडे गेला. ती विधवा. स्नोड्रॉपमधलं गावात कुणाला कळत असेल तर तिला; तिच्या परसात वाफेच्या वाफे होते. बर्नार्ड सप्टेंबरात बहिणीकडे, हिल्डाकडे, डेव्हनला गेला, की त्याच्या बागेला पाणीही तीच घालायची. एरवी मात्र भिंतीवरून टोपी उचलण्यापलीकडे त्यांचं बोलणं नसे.

तिनं फूल उजेडात धरलं. "असं एकदम नाही सांगता येत हो. उमलू दे अजून. उद्या आणा परत. बसा, केक कापतेय."

"दरवर्षी तुम्ही हेच म्हणता!"

"आणि दरवर्षी तुम्ही दोन तुकडे खाता."

या खेपेस मात्र बर्नार्डचा धीर सुटला. त्यानं शहरातून एक जाणकार बाई बोलावल्या, मिसेस ट्रेहर्न. त्या न वाकताच म्हणाल्या, "थ्री शिप्स. नाताळाला फुलतं. त्यात काय कोडं?"

"पण गेल्या वर्षी हे दुहेरी होतं!" त्यानं फोटो पुढे केले.

"दुहेरीचं एकेरी होत नाही, साहेब. फोटो दुसऱ्या कुठल्या बागेतले असतील." मग आवाज मऊ करून त्या म्हणाल्या, "वय झालं की असे घोळ होतात. मनाला लावून घेऊ नका."

त्यानं नेमकं तेच मनाला लावून घेतलं. त्याच्या आईचंही अशाच घोळांनी सुरू झालं होतं. शेवटी ती त्यालाच विचारायची, तुम्ही कोण म्हणून. त्यानं फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. सफरचंदाचं खोड तेच वाटत होतं. पण आता 'वाटतं' या शब्दाचाच त्याला भरवसा उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो फूल न घेताच म्युरिएलच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला.

"रिकाम्या हातानं?" ती हसली.

"नाव कळलं. थ्री शिप्स."

"अस्सं." तिचं हसू मावळलं.

"हिल्डाला फोन केलाय. घर विकायला काढतो. तिच्याकडेच राहीन आता कायमचा."

केक कापणारी सुरी मध्येच थांबली. "एवढ्याशा फुलापायी?"

"फुलाचं काय घेऊन बसलात! स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं ठरतंय, म्युरिएल. उद्या गॅस चालू ठेवून झोपेन. परवा तुम्हालाच विचारेन, बाई, तुम्ही कोण? ते व्हायच्या आत गेलेलं बरं."

किटली शिट्टी घालू लागली. म्युरिएल उठली नाही.

"त्या बाईंचं काय ऐकता? कशावरून त्यांचंच खरं?"

"पुस्तकंही तेच सांगतात. एका कंदातून चार वाण येत नाहीत. मग चुकलं कोण? मीच ना?"

 मग तिनं किटली उतरवली, ॲप्रनला हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन बसली. म्हातारीचे गाल कानांपर्यंत लाल झाले होते.

"तुमचं डोकं अगदी शाबूत आहे, बर्नार्ड," ती म्हणाली. "दर सप्टेंबरात तुम्ही हिल्डाकडे गेलात, की त्या पुंजक्याचे कंद उकरून मी दुसऱ्या वाणाचे लावते."