उलट्या पिळाची गाठ

कानिस फाट्यावर थबकला आणि मागच्या बारा शिपायांचे बूट एकामागून एक थांबले.

नदीकडच्या वाटेवर दोन झाडांच्या मधे नारळाची झावळी आडवी बांधलेली होती. कड्याच्या वाटेवरही तशीच. गाठीला उलटा पीळ होता. तसा पीळ अख्ख्या डोंगरात एकच बाई घालायची, त्याची थोरली बहीण स्कोला. बूगनविल बेटावर जमीन बायकांची. मालकिणीने झावळी बांधली की वाट बंद. जो ओलांडेल त्याने तिला पुन्हा तोंड दाखवू नये.

म्हणजे सैन्य येणार हे ताईला कळलं होतं. दोन वाटा बंद करून तिने रताळ्यांच्या मळ्यातली तिसरी तेवढी मोकळी ठेवली होती. कशासाठी, ते त्याला कोणी सांगायला नको होतं. ताईच्या गावात बंडखोर पोरं होती, जस्टिन त्यांचा म्होरक्या, आणि त्यांच्याकडे नऊ बंदुका होत्या.

त्याच पोरांनी गेल्या वर्षी फितूर म्हणून कानिसचं घर जाळलं. मग तो चिडून खरोखरच सैन्याला वाटाड्या म्हणून जाऊन मिळाला. पण आज कोणत्या गावावर चालून जायचंय, हे साहेबाने निघाल्यावर सांगितलं. आता मागे सरावं तर पाठीत गोळी, पुढे जावं तर समोर जस्टिन. आणि या सापळ्यात लोटणारी कोण, तर सख्खी बहीण!

"काय रे, वाट विसरलास?" लेफ्टनंटने विचारलं. तो राजधानीकडचा. त्याच्या लेखी झावळी म्हणजे झावळी.

"त्या दोन्ही वाटा पावसाने खचल्यात साहेब. मळ्यातून जाऊ."

रागाने कानिसचे कान तापले होते. तरी ताईची गाठ ओलांडायला पाय उचलेना. मरायचं तर तिच्याच मळ्यात मरू, पुरू दे तिलाच.

मळ्याच्या तोंडाशी, भर वाटेत, स्कोला मांडी घालून बसली होती. समोर टोपली, हातात सुरी. रताळी सोलत होती. मागे नेच्यांचं दाट रान, त्यात पान हलत नव्हतं.

"ए बाई, ऊठ!" लेफ्टनंट ओरडला.

"माझ्या जमिनीवरून मला उठवणारा तू कोण रे?" स्कोलाने मान वर केली नाही. "कानिस, वाळलास किती! जेवायला घालत नाहीत का हे?"

"बाजूला कर तिला."

कानिस पुढे झाला आणि बहिणीच्या शेजारी बसला. "साहेब, वाट इथे संपते."

"नकाशात पुढे आहे."

"नकाशा काढताना हिला कोणी विचारलं नव्हतं. मी उठत नाही. घाला गोळी. पहिल्या गोळीला रानातून काय उत्तर येतं, ते तुम्हीच बघा."

लेफ्टनंटने नेच्यांकडे पाहिलं, मग सुरीकडे. सुरी थांबली नव्हती. बारा बंदुकांसमोर जी बाई इतक्या निवांत रताळी सोलते, तिच्या पाठीशी किती जण असतील, याचा त्याने अंदाज बांधला. शिपाई पाठ न दाखवता उतारावरून मागे सरकत गेले.

बुटांचा आवाज विरला तसा कानिस रानाकडे वळला. "ये बाहेर जस्टिन! घर जाळलंस, आता मलाही जाळ!"

कोणी आलं नाही.

"बोंबलू नकोस," स्कोला म्हणाली. "पोरं नदीवर आणि कड्यावर दबा धरून बसलीत. काल छावणीच्या आचाऱ्याने माझ्याकडून भाजीच घेतली नाही, तेव्हाच कळलं, आज तिथे जेवायला कोणी नसणार. आणि वाट दाखवायला तुझ्याशिवाय आहे कोण त्यांच्याकडे? तू त्या दोनपैकी एका वाटेने येशील, असं मीच जस्टिनला सांगितलं. पोरं तिकडे गेली, मग झावळ्या बांधल्या."

"पण मी तिकडून येणार म्हणालीस, आणि वाटा बंद केल्यास?"

"मग काय, तुला तिकडे मरायला धाडू?"

कानिसने पुन्हा रानाकडे पाहिलं. "म्हणजे या वाटेवर कोणीच नव्हतं?"

स्कोलाने सोललेलं रताळं टोपलीत टाकलं.

"का? मी नव्हते?"